जाता जाता दिलेले मत आणि चार वर्षांचा निर्णय

नाशिक, विशेष प्रतिनिधी

अशोक स्तंभापासून निघालेला गंगापूर रोड जेहान सर्कल, आनंदवल्ली, सोमेश्वर असे टप्पे घेत धरणाच्या दिशेने जातो. महाविद्यालये, शिकवणी वर्ग आणि नवी गृहसंकुले यांची या रस्त्याच्या दुतर्फा दाटी आहे. या संकुलांत राहणारा सॉफ्टवेअर अभियंता आता परिसराचा नवा सल्लागार ठरला आहे. करोनाकाळात घरून काम करण्याची पद्धत रूढ झाली आणि पुणे-बंगळुरूला गेलेली अनेक मुले लॅपटॉप घेऊन घरी परतली. त्यांपैकी काही जण येथेच राहिले, काही आठवड्यातून ये-जा करू लागले. पूर्वी ओझरच्या एचएएलमधील किंवा बँकेतील शेजाऱ्याला जो मान होता, तो आज या तरुणाला मिळतो. बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की त्याला लिफ्टपाशी गाठून एकच प्रश्न विचारला जातो : मुलाला कॉम्प्युटरला घालावे की नाही?

त्याचे उत्तर बहुधा त्या सकाळी वाचलेल्या बातमीवर अवलंबून असते. नोकरकपातीची बातमी असेल तर 'आता कोडिंगमध्ये काही राहिले नाही', एखाद्या कंपनीच्या मोठ्या गुंतवणुकीची असेल तर 'एआय केले की डोळे मिटून नोकरी'. बोलणारा ते सहज बोलून जातो. ऐकणारा मात्र त्यावर चार वर्षे आणि कुटुंबाची पुंजी पणाला लावतो. या तफावतीचा विचार होणे आवश्यक आहे.

भीती निराधार नाही

अभियंत्याच्या तोंडची निराशा हवेतून आलेली नाही, हे प्रथम मान्य करावे लागेल. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने मनुष्यबळात सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कपात करण्याचे जाहीर केले. जून २०२५ अखेर कंपनीत ६,१३,०६९ कर्मचारी होते. सप्टेंबरअखेर हा आकडा ५,९३,३१४ वर आला. ही कपात कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नसून कौशल्ये आणि कामे यांचा मेळ न बसल्यामुळे आहे, असे कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी के. कृतिवासन यांनी स्पष्ट केले होते. तथापि गंगापूर रोडवरील चर्चेत हे स्पष्टीकरण गळून पडले आणि 'एआयने नोकऱ्या खाल्ल्या' एवढेच उरले.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये वेतनपटांच्या आधारे केलेली पाहणी अधिक नेमकी आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रभाव सर्वाधिक असलेल्या व्यवसायांत २२ ते २५ वयोगटातील रोजगार २०२२ च्या अखेरपासून तुलनेने १३ टक्क्यांनी घटल्याचे तीत आढळले. त्याच व्यवसायांतील अनुभवी मंडळींचा रोजगार मात्र टिकून राहिला किंवा वाढला. ही आकडेवारी अमेरिकेची आहे, ती जशीच्या तशी महाराष्ट्राला लागू करता येणार नाही. परंतु तिच्यातून एक सूत्र हाती लागते. धक्का संपूर्ण व्यवसायाला नसून त्याच्या पहिल्या पायरीला आहे. सल्ला देणारा अभियंता या पायरीवरून केव्हाच वर गेलेला असतो आणि सल्ला घेणाऱ्याचा मुलगा चार वर्षांनी नेमका तेथेच उभा राहणार असतो. दोघांचे भवितव्य एका मापाने मोजता येत नाही.

मोठ्यांचीही भाकिते चुकतात

शेजारच्या अभियंत्याचे मत उथळ असेल, तर मग नामवंतांचे ऐकावे काय? इतिहास फारसा धीर देत नाही. संगणकशास्त्रज्ञ जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये एका परिषदेत, क्ष-किरणतज्ज्ञांचे प्रशिक्षण आता थांबवावे, पाच वर्षांत यंत्र त्यांच्याहून सरस ठरेल, असे मत बोलता बोलता मांडले. हिंटन यांना पुढे २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, म्हणजे अधिकाराबद्दल शंका नाही. परंतु पाच वर्षे उलटली आणि क्ष-किरणतज्ज्ञ कमी पडू लागले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये त्यांची संख्या २०१६ च्या तुलनेत ५५ टक्क्यांनी वाढली. यंत्रे रुग्णालयांत आली, पण डॉक्टरांचे साहाय्यक म्हणून. आपण फारच सरसकट बोललो, असे हिंटन यांनी २०२५ मध्ये मान्य केले. त्यांचे ऐकून २०१६ मध्ये कोणी ती शाखा सोडली असेल, तर त्याला या कबुलीचा उपयोग नाही.

काही भाकितांमागे व्यवसायही असतो. मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकण्याची गरज उरणार नाही, असे एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग फेब्रुवारी २०२४ मध्ये दुबईत म्हणाले. त्यांची कंपनी कृत्रिम बुद्धिमत्तेला लागणाऱ्या चिप विकते. तीन ते सहा महिन्यांत ९० टक्के कोड यंत्र लिहील, असे अँथ्रॉपिकचे डारिओ अमोदेई मार्च २०२५ मध्ये म्हणाले. त्यांची कंपनी तसा कोड लिहिणारे यंत्र विकते. अशी विधाने खोटीच असतात असे नव्हे. मात्र विक्रेत्याच्या तोंडचे भाकीत आणि तटस्थ पाहणी यांत वाचकाने फरक केला पाहिजे.

शब्दांचा प्रवासही बोलका असतो. आंद्रेय कार्पाथी या नामांकित अभियंत्याने फेब्रुवारी २०२५ मध्ये 'व्हाइब कोडिंग' असा शब्दप्रयोग केला. यंत्राला हवे ते सांगायचे आणि त्याने लिहिलेला कोड न वाचताच पुढे जायचे, असा त्याचा आशय. सुटीच्या दिवशीच्या, वापरून टाकून देण्याच्या कामांसाठी हे ठीक, अशी पुस्तीही त्यांनी जोडली होती. वर्षअखेरीस कॉलिन्स शब्दकोशाने हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. शब्द जगभर पसरला, पुस्ती मात्र मागे राहिली.

स्वतःच्या कामाचाही अंदाज चुकतो

सर्वांत विचार करायला लावणारा पुरावा मेटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या जुलै २०२५ मधील प्रयोगाचा आहे. १६ अनुभवी विकसकांना त्यांच्या परिचयाच्या प्रकल्पांतील २४६ कामे देण्यात आली. काही कामांत एआय साधनांची मुभा होती, काहींत नव्हती. साधनांमुळे वेळ २४ टक्क्यांनी वाचेल, असा विकसकांचा आधीचा अंदाज होता. काम झाल्यावरही २० टक्के वेळ वाचला, असे त्यांचे म्हणणे होते. घड्याळाने मात्र १९ टक्के अधिक वेळ लागल्याचे दाखवले. प्रयोग लहान होता, साधने २०२५ च्या प्रारंभीची होती आणि ती सतत बदलत आहेत. त्यामुळे एआय निरुपयोगी, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. निघतो तो एवढाच, की कसलेल्या विकसकाचाही स्वतःच्या कामाविषयीचा अंदाज चुकू शकतो. मग चार वर्षांनंतरच्या नोकरीबाजाराविषयी त्याचे मत किती प्रमाण मानायचे?

त्याचे बोलणे व्यर्थ आहे, असा याचा अर्थ नाही. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधील अभियंत्याला दूरस्थ संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद विलंब होत असल्याचे जाणवले. त्याने मूळ शोधले, तेव्हा एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांत कोणीतरी चोरवाट पेरल्याचे उघड झाले. ती वेळीच बंद झाली आणि जगभरातील असंख्य सर्व्हर वाचले. हिंटन भविष्याविषयी बोलत होते. फ्रॉइंड यांनी समोर दिसलेल्या गोष्टीचा माग काढला. जाणकाराचे मोल त्याच्या निरीक्षणात असते, भाकितात क्वचितच.

पसंतीक्रमाचा फास

महाराष्ट्रात हा प्रश्न अधिक गंभीर होण्याचे कारण प्रवेशप्रक्रियेत आहे. २०२५-२६ च्या अभियांत्रिकी प्रवेशांसाठी केंद्रीभूत प्रक्रियेच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची, दुसरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसरीत पहिल्या सहापैकी जागा मिळाल्यास ती स्वीकारणे बंधनकारक करण्यात आले. म्हणजेच अर्जातील क्रम हा आता जवळजवळ निर्णयच असतो. दुसरीकडे, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून चांगल्या संस्थांसाठी शाखानिहाय प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा उठवली, त्यामुळे संगणक शाखेच्या जागा वाढवण्याचा मार्ग मोकळा झाला. पहिली पायरी अरुंद होत असताना तिच्याकडे जाणारी रांग लांबत आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांवर उभ्या राहिलेल्या या शहरात यंत्र, विद्युत वा अणुविद्युत शाखेचा विचार संगणकाच्या चढउतारापायी मागे पडणे हेही तितकेच चुकीचे ठरेल.

यातून मार्ग काढण्यासाठी पालकांनी अभियंत्याला टाळण्याचे कारण नाही. प्रश्न मात्र बदलावा लागेल. 'पुढे काय होईल?' याऐवजी 'गेल्या वर्षभरात तुमच्या गटात नवशिके किती घेतले? त्यांना कोणते काम दिले? कोणत्या गोष्टी येत नसल्यामुळे उमेदवार नाकारले?' असे विचारले, तर तो निरीक्षणाकडे वळतो आणि त्याचे उत्तर उपयोगी पडते. हेच प्रश्न महाविद्यालयांनाही विचारले पाहिजेत. शाखानिहाय किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी मिळाली आणि मधले वेतन किती, हे सर्वाधिक वेतनाच्या एका छायाचित्राऐवजी जाहिरातीत छापले गेले, तर लिफ्टपाशी सल्ला मागण्याची वेळ कमी येईल.

तोवर सल्ला देणाऱ्यानेही थोडे भान ठेवणे इष्ट. दुपारी वाचलेल्या बातमीवरचे त्याचे मत संध्याकाळपर्यंत त्याच्या स्वतःच्या लक्षातही राहत नाही. समोरच्या घरात मात्र त्याच मतानुसार रात्री पसंतीक्रम भरला जात असतो.