दारूमुक्तीच्या सभा: एक खुलासा



दारुड्यांनी दारुड्यांना काय शिकवावे, हा गतांकातील पत्रलेखकांचा सवाल वाचला. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन येथे एक शेअरदलाल व एक शल्यविशारद, दोघेही मद्यासक्त, परस्परांच्या आधाराने सावरले आणि त्यातूनच ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना जन्मली, ही हकीकत त्यांना अवगत नसावी. जिथे ना फी, ना अर्ज, ना आडनावाची चौकशी, केवळ मद्यत्यागाची इच्छा पुरेशी, अशा तिच्या सभेतही नांदेडसारख्या ओळखीपाळखीच्या गावातील गृहस्थास पाऊल टाकणे जड जाते, हे मात्र कबूल. (गुत्त्यात शिरताना ही लज्जा कुठे जाते, न कळे!) पुण्याच्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रातून उपचार घेऊन परतलेल्यासही पुढे सभेतील सहवास उपकारकच ठरतो. व्यसन नसलेल्यांना खुल्या सभेस मज्जाव नसतो. पत्रलेखकांनी एकदा अवश्य यावे.

आपला,
एक वाचक, नांदेड