घोडीचा भ्रूण गोठवणं इतकं अवघड का? मारवाडी घोड्यांना वाचवण्याशी त्याचा काय संबंध?

19 मे 2023. राजस्थानातल्या बिकानेरमध्ये 23 किलो वजनाचं एक शिंगरू जन्माला आलं. त्याचं नाव ठेवलं 'राज-प्रथमा'. बीज एका घोडीचं आणि नऊ-दहा नाही, तर अकरा महिने पोटात वाढवणारी घोडी दुसरीच! भ्रूण प्रत्यारोपणातून जन्मलेलं हे देशातलं पहिलं मारवाडी शिंगरू.

राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी हा प्रयोग केला. तेव्हाच त्यांनी आणखी एक माहिती दिली होती. मारवाडी घोड्यांचे 10 भ्रूण गोठवून ठेवण्यात आले होते. पुढे 2024 मध्ये याच केंद्रात गोठवलेल्या भ्रूणापासूनही शिंगरू जन्मलं.

गायी-म्हशींच्या बाबतीत हे आता नवलाचं राहिलेलं नाही. मग घोड्यांची एवढी चर्चा का?

मुळात गरज का पडली?

आकडे बघा. 2012 च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टू मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होते. 2019 मध्ये ते साधारण 3 लाख 40 हजारांवर आले. त्यात मारवाडी घोडे सुमारे 33 हजार.

घोड्यांची संख्या वाढायलाही वेळ लागतो. घोडी अकरा महिने गाभण राहते, म्हणजे वर्षाला जेमतेम एक शिंगरू. गायीला हार्मोन्स देऊन एकाच वेळी अनेक बीजांडं मिळवता येतात. घोडीत हा उपाय फारसा चालत नाही.

भ्रूण घेतात कसा?

घोडीचं कृत्रिम रेतन केलं जातं. साधारण सात-आठ दिवसांनी एका नळीने गर्भाशयात द्रव सोडून तो परत बाहेर घेतात आणि गाळतात. त्यात भ्रूण सापडला, तर तो सरोगेट घोडीच्या गर्भाशयात ठेवतात. मूळ घोडी पुन्हा माजावर आली की हेच परत करता येतं. त्यामुळे एका घोडीपासून वर्षात एकापेक्षा जास्त शिंगरं मिळू शकतात.

पण यात एक मेख आहे. दोन्ही घोड्यांचं चक्र जुळलेलं असावं लागतं. त्यासाठी अनेक घोड्या तयार ठेवाव्या लागतात आणि त्यांचा खर्च मोठा असतो. भ्रूण गोठवला तर ही घाई संपते. सरोगेट घोडी तयार होईल तेव्हा तो बाहेर काढता येतो, अगदी काही वर्षांनीसुद्धा.

मग घोडं अडतं कुठे?

गोठवलेल्या भ्रूणापासून पहिलं वासरू 1973 मध्ये ब्रिटनमध्ये जन्मलं. पहिलं शिंगरू 1982 मध्ये जपानमध्ये. तरीही गायींमध्ये हे तंत्र सर्रास रुळलं आणि घोड्यांमध्ये मागे राहिलं. त्याची दोन मोठी कारणं आहेत.

पहिलं कारण आकार. घोडीचा भ्रूण गर्भाशयात पोचतो सहाव्या दिवसाच्या आसपास आणि त्यानंतर झपाट्याने फुगतो. साधारण 300 मायक्रॉनपर्यंतचा, म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहून लहान भ्रूण चांगला गोठतो. एक-दोन दिवसांत तो त्याच्या कितीतरी पुढे जातो. मोठ्या भ्रूणात पाणी भरपूर असतं. ते गोठून बर्फाचे स्फटिक झाले की पेशी फाटतात.

दुसरं कारण कवच. घोडीच्या भ्रूणाभोवती एक खास आवरण तयार होतं. पेशींना गोठण्यापासून वाचवणारी रसायनं त्यातून सहज आत शिरत नाहीत.

मग लवकर, सहाव्या दिवशीच भ्रूण का काढू नये? कारण तेव्हा तो गर्भाशयात उतरलेलाच नसण्याची शक्यता असते. थोडं थांबलं तर तो मोठा होतो, घाई केली तर हाती लागत नाही.

उपाय काय निघाला?

अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या कॅट्रिन हिनरिक्स यांच्या गटाने 2011 मध्ये एक मार्ग दाखवला. अतिसूक्ष्म सुईने भ्रूणाला छिद्र पाडून आतला द्रव काढून घ्यायचा आणि मग गोठवायचं. अशा मोठ्या भ्रूणांपासूनही घोड्या चांगल्या प्रमाणात गाभण राहिल्या.

गोठवण्याच्या या पद्धतीला व्हिट्रिफिकेशन म्हणतात. रसायनांचं प्रमाण जास्त ठेवून भ्रूण इतक्या झटकन थंड करतात की बर्फ बनतच नाही, सगळं काचेसारखं घट्ट होतं. मग उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठवण.

बाहेर काढणंही तितकंच नाजूक असतं. भ्रूण झटकन गरम करावा लागतो, पण रसायनं मात्र टप्प्याटप्प्याने काढावी लागतात. एकदम साध्या द्रवात टाकला तर पाणी आत घुसून पेशी फुटू शकतात.

रेसच्या घोड्यांचं काय?

तिथे याचा उपयोग नाही. थरोब्रेड घोड्यांच्या नोंदणीचे नियम जगभर कडक आहेत. नर-मादीच्या प्रत्यक्ष संयोगातून जन्मलेलं शिंगरूच नोंदवलं जातं. त्यामुळे महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर असा घोडा दिसणार नाही.

खरा फायदा देशी जातींना होऊ शकतो. महाराष्ट्रात धनगर बांधव भटकंतीत वापरतात त्या भीमथडी घोड्यालाही आता स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे. एखादी साथ आली किंवा संख्या फारच घटली, तर गोठवलेले भ्रूण ती जात पुन्हा उभी करायला कामी येतील.

यात धोका आहे का?

आहे. जत्रेत भाव खाणाऱ्या मोजक्याच घोड्यांचे भ्रूण साठवले, तर संख्या वाढेल, पण रक्त तेच ते राहील. म्हणून साठा वेगवेगळ्या वंशांचा हवा.

आणि प्रयोगशाळेच्या हातात नसलेली एक गोष्ट उरतेच. टांगे बंद झाले, ओझी वाहायला टेम्पो आले, तसे घोडे कमी होत गेले. नायट्रोजनच्या टाकीत जात टिकवता येईल. पण त्यातून जन्मलेलं शिंगरू पाळणं कुणाला तरी परवडायलाही हवं.