गृहव्यवस्था : जिप्समच्या फळीस स्क्रू कोणता?

शहरांतील नव्या बिऱ्हाडांत विटांच्या भिंतीऐवजीं जिप्समच्या फळीचा आडोसा घालण्याची, व स्लॅबखालीं तिचेंच दुसरें छत करण्याची चाल आतां रूढ झाली आहे. घरांत सून यावयाची असली, कीं एका खोलीच्या दोन होतात. फळी कोणत्या कंपनीची, याची चौकशी घरांतील सर्व वडील मंडळी करितात; ती कशानें धरली जाणार, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक साडेबारा मिलिमीटर जाडीची, सहा फूट लांब व चार फूट रुंद अशी एक फळी १६ ते २० किलो भरते. छतास लावल्यावर हा भार निव्वळ स्क्रूंवर असतो, आणि त्याखालीं मुलें निजतात.

फळीच्या आंत जिप्समचा ठिसूळ गर असून दोन्ही अंगांस जाड कागद असतो. स्क्रूच्या डोक्यास आधार देतो तो हा कागद, गर नव्हे. म्हणूनच या कामाच्या स्क्रूचें डोकें तुतारीच्या तोंडासारखें हळूहळू पसरत गेलेलें असतें. तें कागद न फाडतां दाबून बसतें. डोकें पृष्ठभागाच्या केसभर खालीं जावें, अधिक नाहीं. कागद फाटला, तर तो स्क्रू असून नसल्यासारखा. शेजारीं दुसरा मारावा. विजेच्या यंत्रानें घाईघाईनें काम उरकणारे कारागीर येथेंच चुकतात, व वर लांबी फासली म्हणजे चूक झांकली जाते.

लाकडी चौकटीस विरळ आट्यांचा स्क्रू, पत्र्याच्या चौकटीस दाट आट्यांचा. विरळ आटे पातळ पत्र्यांत नीट पकड घेत नाहींत. स्क्रू नुसता फिरत राहतो. वाळवीचें भय धरून पत्रा घेतला असेल, तर दाट आटेच मागावे. एकेरी फळीस पत्र्यावर २५ मिलिमीटर लांबी पुरते, लाकडावर ३२ ते ३५. दुहेरी फळीच्या बाहेरील थरास ३५ हून आंखूड नको. छतास सुमारें नऊ इंचांवर, भिंतीस बारा इंचांवर एकेक स्क्रू असावा, आणि तो फळीच्या कडेस अगदीं लागून नसावा.

साधे खिळे मात्र नकोतच. लाकूड वाळून आकसलें, कीं त्यांचीं डोकीं रंगाखालून फुगून वर येतात.

कोंकणांत, किंवा न्हाणीघराजवळ, नेहमींचे काळे स्क्रू गंजून रंगावर तांबूस डाग उमटवितात. तेथें गंजरोधक मुलाम्याचे घ्यावे.

पंखा कोणत्याही स्क्रूनें या फळीस अथवा तिच्या चौकटीस टांगूं नये. त्याचा हूक वरच्या स्लॅबमधूनच आलेला हवा, आणि फळी चढण्यापूर्वीं तो घरांतील कोणीतरी डोळ्यांनीं पाहिलेला असावा.