पत्रपेटीची किल्ली कोणाकडे?

नवा स्मार्टफोन हाती आला की ई-मेलसाठी कोणते अॅप वापरावे, हा प्रश्न ओघाने येतोच. फोनसोबत मिळालेलेच पुरेसे मानावे, की त्रयस्थ कंपनीचे एखादे आकर्षक अॅप उतरवून घ्यावे? बहुतेक जण रंगरूप, सोय आणि मित्रांची शिफारस पाहून निर्णय घेतात. बँकेच्या ग्राहकाची कसोटी मात्र वेगळी असावयास हवी. आपल्या पत्रपेटीची किल्ली कोणाच्या हाती जाते, हे त्याने आधी पाहावे.

आमच्या चेन्नईत हा विषय २०२५ साली विशेष चर्चेत आला. येथे मुख्यालय असलेल्या झोहो कंपनीची ई-मेल सेवा २००८ पासून चालू आहे. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल व्यवस्था तिच्याकडे गेल्याचे वृत्त आले, गृहमंत्री अमित शहा यांनीही ऑक्टोबरमध्ये आपला पत्ता तेथे नेला आणि अनेकांनी स्वदेशीच्या उत्साहाने तेथे खाती उघडली. या उत्साहात एक गल्लत होताना दिसते. ई-मेल सेवा वेगळी आणि अॅप वेगळे. सेवा म्हणजे पत्रे साठविणारे टपालघर. अॅप ही केवळ त्याची खिडकी. झोहोची पत्रे झोहोच्याच अॅपमध्ये किंवा जीमेलची पत्रे जीमेलच्याच अॅपमध्ये वाचली, तर नवा वाटेकरी निर्माण होत नाही. पत्रे मुळातच त्या कंपनीकडे असतात. चिंता आहे ती मध्ये येऊन बसणाऱ्या तिसऱ्याची.

फोनमधील अंगभूत अॅप सामान्यतः फोनवरून थेट टपालघराशी बोलते. काही त्रयस्थ अॅप्स मात्र तत्काळ सूचना देता यावी, पत्रांची वर्गवारी करता यावी म्हणून आपल्या खात्यात शिरण्याची परवानगी स्वतःच्या सर्व्हरवर ठेवतात आणि पत्रे तेथूनच चाळतात. याच कारणास्तव फेब्रुवारी २०१५ मध्ये युरोपीय संसदेने मायक्रोसॉफ्टच्या तेव्हा नव्या असलेल्या आउटलुक अॅपला मज्जाव केला होता. पत्रपेटी आवरून देणाऱ्या अनरोल-मी या मोफत सेवेची मालक कंपनी ग्राहकांच्या टॅक्सीच्या पावत्यांतील माहिती, नावे वगळून का होईना, विकत असल्याचे २०१७ साली उघड झाले. एडिसन मेल या अॅपच्या २०२० मधील एका सुधारणेनंतर तर काही वापरकर्त्यांना चक्क परक्यांची पत्रे दिसू लागली.

ज्या पेटीत खातेउतारा येतो आणि विसरलेला पासवर्ड बदलण्याचा दुवाही येतो, ती पेटी एवढ्या सहजपणे तिसऱ्याच्या स्वाधीन करावी काय? खातेउताऱ्याला पासवर्ड असतो, असे कोणी म्हणेल. परंतु तो नाव आणि जन्मतारीख यांपासून कसा बनवावा, हे त्याच पत्रात लिहिण्याची पद्धत अनेक बँकांनीच पाडली आहे!

सर्वच त्रयस्थ अॅप्स त्याज्य आहेत, असे मात्र नाही. थंडरबर्ड २०२४ साली अँड्रॉइडवर आले. त्याची संगणकीय संहिता सर्वांना तपासता येते आणि ते थेट टपालघराशीच बोलते. चार-पाच खाती एकत्र पाहण्याची ज्यांना गरज आहे, त्यांनी असा पर्याय अवश्य विचारात घ्यावा. इतरांना अंगभूत अॅप किंवा सेवेचे स्वतःचे अॅप पुरेसे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्थात अंगभूत अॅपही निर्दोष नसते. लहान पडद्यावर बहुधा पाठविणाऱ्याचे नावच दिसते, पूर्ण पत्ता दडलेला असतो. नावावर बोट ठेवून तो पाहण्याची सवय लावून घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर न्यावयाची होती. बँकेच्या नावाने आलेल्या पत्रातील दुवा भलतीकडे नेत असेल, तर तो उघडू नये. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

पूर्वी कधी एखादे त्रयस्थ अॅप वापरून सोडले असेल, तर ते फोनमधून पुसल्याने त्याला दिलेली परवानगी रद्द होत नाही. आपल्या ई-मेल खात्याच्या सुरक्षा विभागात अशा परवानग्यांची यादी असते. ती उघडून अनावश्यक नावे काढून टाकण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.