पदवी कायमची, नोंदणी पाच वर्षांची

सातारा-सांगलीतल्या कुठल्याही दवाखान्यात गेले की भिंतीवर पदवीची चौकट दिसते. एम.बी.बी.एस., एम.डी., एम.एस., डी.एन.बी.; एकदा मिळाली की जन्मभराची. रुग्णाच्या नजरेस सहसा न पडणारा कागद असतो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचा. त्याला मात्र पाच वर्षांची मुदत असते. ती उलटली आणि नूतनीकरण झाले नाही, तर भिंतीवरची एम.डी. शाबूत राहते, पण रुग्ण तपासण्याचा अधिकार राहत नाही.

अमेरिकेत परवाना राज्य देते, आणि विशेषज्ञ म्हणून मान्यता त्या त्या शाखेचे मंडळ देते. या मान्यतेलाही मुदत असते. तिथल्या इंटर्नल मेडिसिनच्या मंडळाने १९९० पासून नव्या डॉक्टरांना दहा वर्षांपुरतीच प्रमाणपत्रे द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे तसे काही नाही. १९८८ साली एम.डी. झालेला आणि गेल्या वर्षी झालेला, कागदावर दोघे सारखेच. त्यामुळे डॉक्टरचे ज्ञान ताजे आहे की नाही हे पाहण्याचा सगळा भार त्या पाच वर्षांच्या नूतनीकरणावर येतो, आणि तो भार पेलण्याइतके ते भक्कम नाही.

डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत पाच वर्षांत किमान ३० तासांच्या निरंतर शिक्षणाची अपेक्षा आहे. म्हणजे वर्षाला सहा तास. एका रविवारचा कार्यक्रम, मधल्या जेवणासकट. महाराष्ट्रात नूतनीकरणासाठी ३० क्रेडिट पॉइंट लागतात. ते मिळतात डॉक्टर मंडळी ज्याला ‘सीएमई’ म्हणतात त्या व्याख्यानांतून. वैद्यकीय महाविद्यालये आणि आयएमएच्या शाखा ती भरवतात. तिथे मोजली जाते ती हजेरी. ऐकलेले किती समजले, दुसऱ्या दिवशी ओपीडीत त्यातले किती उतरले, हे विचारायला कोणी नसते. हॉलचे भाडे आणि जेवण अनेकदा औषध कंपनीच्या खर्चाने होते, तेव्हा विषयही तिकडेच झुकतात. मधुमेहाच्या नव्या गोळीवर तीन व्याख्याने होतात. विंचवाला कोण प्रायोजक मिळणार?

माण-खटावच्या आणि जत-आटपाडीच्या माळावर विंचवाचा प्रश्न लहान नाही. लाल विंचू चावल्यावर हृदयावर होणाऱ्या परिणामांसाठी प्रॅझोसिन हे साधे, स्वस्त औषध उपयोगी पडते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात दाखवले. पुढे २०११ मध्ये प्रतिविष आणि प्रॅझोसिन एकत्र दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, हे त्यांनी चाचणी घेऊन प्रसिद्ध केले. त्याआधी शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरला हे पुस्तकात मिळालेले नाही. ते नंतर कुठेतरी कळायला हवे होते.

क्षयरोगाचे उदाहरण याहून बोलके आहे. सरकारी कार्यक्रमात अनेक वर्षे औषधे आठवड्यातून तीनदा दिली जात. २०१७ मध्ये देशभर रोजच्या मात्रेची पद्धत आली. २०१५ मध्ये काम थांबवून २०२० मध्ये पुन्हा सुरू करणारा डॉक्टर जुन्याच सवयीने चिठ्ठी लिहू लागला, तर त्याची किंमत रुग्ण मोजतो. क्षयात अर्धवट उपचार म्हणजे औषधाला न जुमानणाऱ्या जंतूला वाट मोकळी करून देणे.

नोंदणी लटकते कोणाची? भोंदू वैद्याची नव्हे, त्याची मुळात नोंदणीच नसते. मुलांच्या संगोपनासाठी पाच-सात वर्षे घरी राहिलेली डॉक्टर, आखातात नोकरी करून गावी परतलेला सर्जन, किंवा दहिवडीत एकट्याने दवाखाना चालवणारा, ज्याला साताऱ्याच्या सीएमईसाठी दार लावून जाणे जड जाते, अशांची. या सगळ्यांना परतीचा रस्ता एकच: पॉइंट जमवा, विलंब शुल्क भरा. तो काहींना नको इतका अवघड आणि काहींना नको इतका सोपा आहे. दहिवडीचा डॉक्टर रोज रुग्ण तपासतो, तरी हजेरी कमी पडली म्हणून अडकतो. आठ वर्षे रुग्णाला हात न लावलेला दुसरा मात्र काही रविवार खुर्चीत बसून पॉइंट गोळा करतो आणि सोमवारी ओपीडी उघडतो. कौन्सिलच्या कागदावर या दोघांत फरकच नाही. खरी गफलत इथे आहे.

डॉक्टरांची तक्रार असते की बोगस डॉक्टर मोकाट फिरतात आणि नियमांचा जाच नोंदणी असलेल्यांनाच. तक्रार खरी आहे, पण तिने क्षयाच्या चुकीच्या चिठ्ठीचे समर्थन होत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवी आचारसंहिता आणली होती. तीत निरंतर शिक्षणाचेही नियम होते. जेनेरिक औषधांच्या सक्तीवरून गदारोळ झाला आणि तीन आठवड्यांत सगळी संहिताच स्थगित झाली. आंघोळीच्या पाण्याबरोबर बाळही गेले, असेच म्हणावे लागेल.

बाहेरचे नमुने जसेच्या तसे इथे चालणार नाहीत. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१२ पासून दर पाच वर्षांनी फेरतपासणी होते, पण तिचा कणा म्हणजे डॉक्टर जिथे काम करतो ती संस्था. आपल्याकडे तालुक्याचा डॉक्टर बहुधा एकटाच असतो. अमेरिकेतल्या त्याच इंटर्नल मेडिसिनच्या मंडळाविरुद्ध दहा वर्षांनी येणाऱ्या मोठ्या परीक्षेवरून डॉक्टर इतके चिडले की २०१५ मध्ये मंडळाला माफी मागावी लागली. २०२२ पासून तिथे दुसरा पर्यायही आहे: दर तिमाहीला ३० प्रश्न, घरबसल्या, आणि उत्तर देताच त्याचे स्पष्टीकरण. जतच्या डॉक्टरला हे मानवेल. दोन तास गाडी हाकून सांगली गाठण्यापेक्षा रात्री मोबाइलवर विंचू, साप, क्षय, गरोदरपणातला रक्तदाब यांवर मराठीत पाच प्रश्न सोडवणे सोपे, आणि कौन्सिललाही हजेरीऐवजी ज्ञानाची नोंद मिळेल.

ज्यांचा खंड खरोखर मोठा आहे त्यांच्यासाठी प्रश्न पुरणार नाहीत, त्यांना वॉर्डात उभे राहावे लागेल. त्याची सोय हाताशी आहे. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून चालू आहे, साताऱ्याचे अलीकडे सुरू झाले. दोन्हीकडे अपघात विभागात हात कमीच पडतात. तीन वर्षांहून जास्त खंड पडलेल्यांना तिथे दोन महिने वरिष्ठांच्या देखरेखीखाली, मानधन देऊन काम करू द्यावे आणि नूतनीकरणाचा शिक्का विभागप्रमुखाच्या अभिप्रायावर मिळावा. विलंब शुल्काची रक्कम याच कामी लावता येईल.

तोवर रुग्णाने एवढे करावे. २००२ च्याच नियमांनुसार डॉक्टरचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि प्रत्येक चिठ्ठीवर असायला हवा. नसेल तर मागावा. मागितल्यावर राग येणाऱ्या डॉक्टरकडे पुढच्या वेळी जायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.