हिरव्या ठिपक्याचे अपुरे आश्वासन

वर्गात वाढदिवसानिमित्त वाटली जाणारी जेलीची गोळी शाकाहारी आहे की नाही, हे तिच्याकडे पाहून कळत नाही. तिचा लिबलिबीतपणा जिलेटिनचा असू शकतो, आणि जिलेटिन जनावरांची कातडी व हाडे यांपासून काढतात. वस्तुतः समुद्रशैवालातील अगर किंवा फळांतील पेक्टिन यांनीही हे काम साधते.

वेष्टनावरील हिरव्या ठिपक्याने शाकाहारी ग्राहकाची अडचण पुष्कळशी दूर केली, हे मान्यच केले पाहिजे. परंतु कायद्याच्या व्याख्येनुसार दूध, मध, इतकेच नव्हे तर लाखेच्या किड्यापासून मिळणारे शेलॅकही मांसाहारात मोडत नाही. गोळीवरील चकाकी शेलॅकची असली, तर घटकांच्या यादीत ९०४ हा क्रमांक तेवढा दिसू शकतो. प्राणिजन्य सर्वच वर्ज्य मानणाऱ्या व्हीगन मंडळींना केवळ या ठिपक्यावर विसंबता येत नाही. त्यांच्यासाठी २०२२ साली स्वतंत्र नियम झाले. पण ते चिन्ह नसलेल्या असंख्य पदार्थांचे काय?

घटकाचे सांकेतिक नाव पुरेसे नाही, तो वनस्पतिजन्य की प्राणिजन्य हेही सांगितले पाहिजे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बजावले. ही अपेक्षा रास्तच होय. घरच्या तिळगुळात काय पडले, हे घरात विचारता येते. कारखान्यातील गोळीविषयी वेष्टनाखेरीज विचारणार कोणाला? म्हणूनच घटकाचे मूळ क्रमांकाआड न दडवता स्वच्छ मराठीत छापले जावे. आहाराचे व्रत लहान असो वा मोठे, ते अजाणता मोडले जाऊ नये.