वस्ती गावात हलवा म्हणणाऱ्यांना

उन्हाळ्यात फुलंब्रीच्या शिवारात बांधाची आग पसरून एखादं छप्पर बसलं, की दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ हजर. जर्मनचं पातेलं वितळून चुलीला चिकटलेलं असतं, घरात साठवलेला कापूस आतून धुमसत असतो आणि यांचा उपदेश सुरू होतो. रानात राहता म्हणून जळता. छप्पर म्हणजे अडाणीपणा. शेतातलं घर मुळात अनधिकृत. तेव्हा पुन्हा तिथंच मेढी रोवू नका, गावठाणात या, घरकुल घ्या, स्लॅब टाका. एवढं बोलून ते चहा पितात आणि गाडीला किक मारतात.

छप्पर हौसेनं कोणी घालत नाही, एवढं सांगून तो मुद्दा सोडतो. अनधिकृतपणाचं म्हणाल, तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेत शेतावरच्या इमारतीत चारा, अवजारं, गुरं यांच्याबरोबर शेतकऱ्याच्या कुटुंबाचा निवाराही धरला आहे. गृहस्थांनी संहिता पाहिली असेल, बहुधा बाहेरून.

आता त्यांचं लाडकं गावठाण. घरकुल २६९ चौरस फुटांचं. त्यात नवरा-बायको, दोन लेकरं आणि म्हातारी कशीबशी मावली असं धरू. बैलजोडी कुठं बांधायची? म्हैस? पेंडीचं पोतं, फवारणीचा पंप, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी? अद्रकाला पाणी द्यायचं आणि वीज आली रात्री, तर या माणसानं गावातून बॅटरी घेऊन रान गाठायचं. पहाटे धार काढायला पुन्हा तेच. मका दाण्यावर आला की रानडुकरांना कोण हाकलणार, गृहस्थ? बरं, चारा तरी गावातच आणावा लागेल ना? म्हणजे आज रानात एकट्या जळणाऱ्या कडब्याच्या गंजी उद्या भिंतीला भिंत लागलेल्या आळीत रचायच्या. एक ठिणगी, आणि एका छपराऐवजी आख्खी आळी! आगीपासून वाचवायची ही युक्ती गृहस्थांनाच सुचू जाणे.

हा वाद जुनाच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावं दुसरीकडे वसवली. जमीन किती त्यावरून २५०, ४०० नाहीतर ७५० चौरस फुटांची घरं, सरळ रुंद रस्ते. नकाशा देखणा. गुरांचा विचार मात्र लोकांनाच मागाहून करावा लागला, दारापुढं पत्र्याची शेडं ठोकून. तेव्हाही कुरकुर करणाऱ्यांना प्रगतीचे शत्रू ठरवलं गेलं. त्या चर्चेत मी पुष्कळ घसा कोरडा केला आहे, पुन्हा करत नाही.

मग करायचं काय? घर जिथं होतं तिथंच उभं करायचं, फक्त कूड नि पऱ्हाटी सोडून विटांची भिंत घ्यायची, वर पत्रा. माळवद घाला म्हणणार नाही. किल्लारीत त्याच्याच ओझ्याखाली माणसं गेली. गंजी घरापासून लांब, आणि फाल्गुन लागला की घराभोवती चार-पाच तासं नांगरून माती उघडी करायची. पैशाचं अडतं ते पंचनाम्यात. तिथं झोपडी लिहिली की केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषांनी ८,००० रुपये, गोठ्याला ३,०००. घर पूर्ण गेलं असं लिहिलं तर सपाटीच्या भागात १,२०,०००, तेही बांधकाम अधिकृत असल्याचा दाखला मिळाला तर. म्हणून ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये शेतवस्तीतल्या घरांची नोंद आग लागण्याआधी झाली पाहिजे. गृहस्थांना समाजसेवेची एवढीच ओढ असेल तर त्यांनी हे अर्ज भरून द्यावेत.

गहू निघाल्यावर बांध पेटवून जेवायला निघून गेलेल्या शेजाऱ्याबद्दल मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही. भावकीतला असावा.